शालनबाई आणि गच्चीवरचं ग्रहण

शालन वाघमारे महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. सहावी-सातवीच्या मुलांना सूर्यमाला शिकवायची वेळ आली की फळ्यावर गोल काढण्याच्या भानगडीत त्या पडत नसत. मंडईतून एक भलामोठा लाल भोपळा आणायच्या आणि पटांगणाच्या एका टोकाला ठेवायच्या. "हा सूर्य." मग एखाद्या मुलीच्या तळहातावर मोहरीचा दाणा ठेवून तिला पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवायच्या. "ही पृथ्वी. यात पुणं आहे, तुम्ही आहात आणि तुम्ही न केलेला गृहपाठही आहे." मोहरीपासून चार बोटांवर खसखशीचा एक दाणा, तो चंद्र. गुरूसाठी लिंबू घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर जावं लागे. वाटाण्याएवढा नेपच्यून कुठे ठेवायचा, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "कर्वे पुतळ्यापाशी. घ्या रिक्षा."

मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

त्यांचं बालपण बोपोडीत गेलं. वडील रतन वाघमारे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वेल्डर होते. १९८० सालच्या फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण झालं तेव्हा शालन आठ-नऊ वर्षांची होती. त्या दुपारी रस्ते ओस पडले होते, खिडक्यांना आतून चादरी लावल्या होत्या. वडिलांनी कारखान्यातल्या साहेबांना विचारून वेल्डिंगची सगळ्यांत गडद काच आणली होती. ते मुलीला घेऊन अंगणात उभे राहिले. शेजारच्या आजीने खिडकीआडून ओरडून विचारलं, "रतन, पोरीवर ग्रहणाची सावली पाडतोस?"

वडील म्हणाले, "आजी, याच पुण्यात आपल्या वाडवडलांच्या सावलीला लोक भीत होते. आता आपण चंद्राच्या सावलीला भ्यायचं?"

त्या काचेतून शालनने हिरवट रंगाची कोर पाहिली. त्या दिवसापासून आकाश तिचं झालं. विज्ञान शाखेतून पदवी घेतली, बी.एड. केलं, नोकरी लागली. बँकेतल्या समाधान यांच्याशी लग्न झालं. त्यांनी कोथरूडमध्ये घर घेतलं. माहेरचं नाव शालनबाईंनी सोडलं नाही. बुधवार पेठेतून भिंगं आणून शाळेतल्या मुलांबरोबर त्यांनी एक दुर्बीण जोडली होती. ती घरी पलंगाखाली असे आणि सोसायटीतल्या मुलांना शनीची कडी दाखवायला अधूनमधून गच्चीवर जाई.

२०२२च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. खंडग्रास, मावळतीच्या वेळचं. पुण्यातून सूर्याचा जेमतेम पाव भाग झाकलेला दिसणार होता. शालनबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की ज्यांना पाहायचंय त्यांनी संध्याकाळी गच्चीवर यावं, चष्मे मी देईन. खाली तीन अंगठे आले आणि एक लांबलचक मजकूर. तो वैजनाथ गित्ते यांचा होता.

वैजनाथ गित्ते मूळचे परळीकडचे, साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगा योगेश कंपनीच्या कामासाठी चेन्नईला. सून सोनाली खराडीच्या आयटी पार्कमध्ये. अकरा वर्षांच्या नातीला, सृष्टीला, दिवसभर तेच सांभाळायचे. तिचा डबा, तिची शाळेची बस, तिचं संस्कृतचं पाठांतर, सगळं त्यांच्याकडे. ग्रहणात घराबाहेर पडू नये, काही खाऊ नये, असं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यांनी लिहिलं होतं, "ज्यांना मानायचं नाही त्यांनी मानू नये. आमच्या मुलांना बोलावू नये."

शालनबाईंनी उत्तर दिलं, "बरोबर. ज्यांच्या घरून परवानगी असेल त्यांनीच यावं."

तिथे विषय संपायला हवा होता.

त्या संध्याकाळी गच्चीवर दहा-बारा मुलं आणि तीन-चार मोठी माणसं जमली. बाईंनी प्रत्येक चष्मा आधी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. ज्यातून ट्यूब पुसटशीही दिसली तो कात्रीने कापून टाकला. दुर्बीण त्यांनी पाहण्यासाठी लावलीच नव्हती. पुढच्या भिंगावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा चिकटवला होता, आणि मागच्या, डोळ्याकडच्या भिंगातून येणारा सूर्य एका पांढऱ्या कागदावर पडत होता. कागदावर रुपयाएवढा उजेडाचा गोल होता आणि त्याला एका कडेने कुणीतरी चावा घेतल्यासारखं दिसत होतं.

"हा चावा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"चंद्राचा!"

"आणि मोहरीपेक्षा लहान असलेल्या खसखशीने भोपळा कसा झाकला?"

बाईंनी एकाला अंगठा डोळ्यासमोर धरायला सांगितला. समोरची अख्खी इमारत अंगठ्याआड गेली. "सूर्य चंद्राहून चारशे पट मोठा, पण चारशे पट लांबही. म्हणून दोघं आपल्याला एकाच मापाचे दिसतात. आता नियम. या नळीला कोणीही डोळा लावायचा नाही. उन्हात भिंग धरून कागद जाळलाय ना? तसा डोळ्याचा आतला पडदा जळतो. आणि दुखत नाही, म्हणून कळतही नाही."

हे सांगताना त्यांचा हात दुर्बिणीवर होता. तो त्या काढणार नव्हत्या.

सृष्टी कधी वर आली ते त्यांना दिसलं नाही. तिचे आबा, वैजनाथराव, देवासमोर जपाला बसले आहेत असं पाहून ती दार ओढून निघाली होती. नियम सांगून झाल्यावर ती मुलांच्या मागे येऊन उभी राहिली. तिला चष्माही मिळाला नव्हता. थोड्याच वेळात जिन्यात चपला वाजल्या.

"सृष्टी! खाली चल. आत्ताच्या आत्ता."

वैजनाथराव दारात उभे होते. धाप लागलेली, चेहरा लाल. सगळ्या मुलांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा कुठे ती बाईंना दिसली.

"अगं, तू घरी विचारून आलीस का?"

"तिला काय विचारता? तुम्ही बोलावलंत!" वैजनाथराव पुढे आले. "मी लेखी सांगितलं होतं. आमच्या घरात तुम्ही कशाला ढवळाढवळ करता? आमचं पटत नाही म्हणून आमची पोरगी बिघडवायची?"

हे शेवटचं वाक्य शालनबाईंना लागलं. असल्या सुराचं आयुष्यभर त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. त्या दोन पावलं त्यांच्याकडे गेल्या. "काका, मी कोणाला बिघडवत नाही. ती आलेली मला माहीतही नव्हतं. तुम्ही तिला घेऊन जा, पण मुलांसमोर हे शब्द..."

हात दुर्बिणीवरून सुटला होता.

खाली न्यायच्या आत एकदा तरी बघून घेऊ, एवढंच सृष्टीच्या मनात आलं. मुलं भांडणाकडे बघत होती. ती कागदाच्या आणि नळीच्या मधे वाकली आणि उजवा डोळा भिंगाला लावला.

"आई गं!"

शालनबाई वळल्या तेव्हा सृष्टी डोळ्यावर तळहात दाबून मागे सरकत होती. बाईंनी आधी दुर्बिणीचं तोंड जमिनीकडे फिरवलं, मग तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या.

"किती वेळ बघितलंस?"

"थोडंच. एकदम पांढरं झालं."

"आता काय दिसतंय?"

"हिरवा ठिपका. तो जाईल ना?"

पुस्तकात वाचलेलं सगळं शालनबाईंना आठवत होतं. लगेच काही कळत नाही, काही तासांनी कळतं. त्यांनी मुलांना खाली जायला सांगितलं. गच्ची रिकामी झाली. पश्चिमेला फटाक्यांच्या धुरात तांबडा, कुरतडलेला सूर्य टेकायला आला होता आणि त्याच्याकडे बघायला कोणी उरलं नव्हतं.

जिन्यात सृष्टी म्हणाली, "बाई, ठिपका कमी झाला. आईला नका ना सांगू. ती मला परत कधीच वर पाठवणार नाही."

वैजनाथरावांचा आवाज आता खाली आला होता. "पोरगी बरी आहे. ग्रहण सुटलं की अंघोळ घालतो. सूनबाईला उगाच कशाला? ती म्हणेल, आबा, तुमचं लक्ष कुठे होतं?"

शालनबाई घरात आल्या, दुर्बीण पलंगावर टाकली आणि फोन हातात घेतला. समाधान यांनी जिन्यातलं सगळं ऐकलं होतं.

"फोन केलास की सगळं तुझ्यावर येणार," ते म्हणाले. "आजोबा सांगणार नाहीत, मुलगी सांगणार नाही. कदाचित काही झालंही नसेल."

"आणि झालं असेल तर? उद्या ती म्हणेल फळ्यावरचं दिसत नाही, आणि घरचे म्हणतील अभ्यास नको म्हणून सोंग करतेय."

त्यांनी खराडीला फोन लावला. मीटिंगमधून बाहेर येऊन सोनाली शांतपणे ऐकत राहिली. 

"काकू, तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मग?"

"मी मान वळवली. चूक माझी आहे. तू ये. आज तिला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायला हवं."

दिवाळीच्या गर्दीतून शहराच्या या टोकापासून त्या टोकाला यायला सोनालीला वेळ लागला. तोवर शालनबाई एकेका दवाखान्याला फोन करत होत्या. बहुतेक बंद होते. एका रुग्णालयात कादंबरी नावाच्या तरुण नेत्रतज्ज्ञ ड्यूटीवर सापडल्या. त्यांनी रात्री सृष्टीला तपासलं आणि म्हणाल्या, "आत्ता नीट सांगता येत नाही. सकाळी एकेक डोळा झाकून तिला फरशीच्या रेघा बघायला सांगा. काही वेगळं वाटलं तर लगेच या."

पाडव्याच्या सकाळी सोनालीने लेकीचा डावा डोळा झाकला. सृष्टी खाली बघत राहिली. मग म्हणाली, "रेघा मधे वाकल्यात. आणि तू मधे नाहीयेस, आई. तुझे कान दिसतात, नाक नाही."

शालनबाई रुग्णालयात पोचल्या तेव्हा तपासणी झाली होती. संगणकाच्या पडद्यावर सृष्टीच्या नेत्रपटलाचा आडवा छेद दिसत होता, आणि मधोमध, जिथे सगळ्यांत बारीक दिसतं तिथे, एक लहानशी खाच.

"औषध नाही," डॉक्टर कादंबरी म्हणाल्या. "वाट बघायची. सूर्य खाली आलेला होता, हवेत धूर होता, दुर्बिणीवर पुठ्ठा होता आणि तिने डोळा पटकन काढला. दुपारची वेळ असती तर मी काहीच आशा दिली नसती. बऱ्याच मुलांची नजर काही महिन्यांत परत येते. सगळी येईलच असं मात्र सांगत नाही."

बाहेरच्या बाकावर वैजनाथराव डोकं धरून बसले होते. सोनाली शालनबाईंसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"तुम्ही फोन केलात, ठीक. पण यापुढे आमच्या दारात येऊ नका."

शालनबाईंनी मान हलवली आणि त्या पायीच घरी आल्या. त्या दिवसांत त्यांना झोप नीट लागेना. सुट्टीनंतर वर्गात भोपळा आणायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पाठ पुस्तकातून वाचून दाखवला. बाई बऱ्या नाहीत, असं मुलांना वाटलं.

त्याआधी, सुट्टीतच, सोसायटीची बैठक बोलावली गेली. गच्चीला कुलूप लावायचा ठराव होता. एक गृहस्थ म्हणाले, "उगाच नाही वाडवडील ग्रहण पाळत. आता तरी पटलं असेल." बैठकीत थोडं हसू पसरलं.

शालनबाई उभ्या राहिल्या. "चूक झाली ती माझी. उघडी दुर्बीण सोडून मी वाद घालायला गेले. मुलं भोवती असताना ती क्षणभरही सोडायची नसते. शिक्षा काय ती मला करा. पण डोळ्याला इजा ग्रहणाने झालेली नाही, सूर्याने झाली. तो रोजच तेवढा प्रखर असतो. ग्रहणाच्या दिवशी त्यात काही विष मिसळत नाही. फक्त त्या दिवशी आपण त्याच्याकडे बघायला जातो. मुलांना ग्रहणाची भीती घातली तर ती चोरून बघतील. सूर्यापासून डोळे जपायला शिकवलं तर नीट बघतील."

"भाषण छान झालं," ते गृहस्थ म्हणाले. "मुलीचा डोळा परत येतोय का त्याने?"

शालनबाई खाली बसल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून वैजनाथराव उठले. सगळ्यांना वाटलं, आता हेही तुटून पडणार.

"दुर्बीण यांनी सोडली, पण मी ओरडलो म्हणून सोडली," ते म्हणाले. "घरी मी तिला नीट सांगितलं असतं, का नको ते, तर ती चोरून गेली नसती. मला 'का' सांगताच येत नव्हतं. आणि सुनेला कळवू नका असं मीच यांना म्हणालो होतो. मी ग्रहण पाळणारच. पण हे यांच्या एकटीच्या माथी मारू नका."

ठराव मात्र झाला. गच्चीला कुलूप लागलं.

पौर्णिमा जवळ आली. सूर्यग्रहणानंतरच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं आणि पुण्यात चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. त्या दुपारी शालनबाईंच्या दाराची बेल वाजली. बाहेर सोनाली उभी होती. आत येत नव्हती.

"सृष्टीला बघायचंय. आबा नको म्हणतात. मला काही कळत नाही. काकू, खरं सांगा. याने तर काही होणार नाही ना?"

तिच्या आवाजातली भीती ऐकून शालनबाईंना आधी म्हणावंसं वाटलं, नको, राहू दे. तेच सोपं होतं. पुन्हा काही झालं तर? पण चंद्राने काही होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माहीत असलेलं भीतीपोटी लपवायचं, तर मग वर्गात कशाला उभं राहायचं?

"नाही होणार," त्या म्हणाल्या. "चंद्राचा उजेड उसना असतो. पौर्णिमेचाही डोळ्याला काही करत नाही, आणि ग्रहणात तर आणखी मंद होतो. चष्मा नको, काही नको. दुर्बीण मी आणणार नाही."

"तुम्ही पण या," सोनाली म्हणाली.

संध्याकाळी त्या एआरएआयच्या टेकडीवर चढल्या. शालनबाई, सोनाली आणि दोघींच्या मधे सृष्टी. वैजनाथराव बरोबर आले, पण पायथ्याशी रिक्षात बसून राहिले. नेहमीची फिरायला येणारी माणसं खाली उतरत होती. पूर्वेला शहरावर धुरकट पट्टा होता आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. सोनाली सारखी लेकीकडे बघत होती.

"बाई, मग दर पौर्णिमेला का नाही होत ग्रहण?" सृष्टीने विचारलं. दिवाळीनंतर ती बाईंशी पहिल्यांदाच बोलत होती.

"चंद्राची वाट थोडी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. कधीकधीच नेमका सावलीत सापडतो."

"ते बघा!"

धुरातून तांबूस, चपटा चंद्र वर येत होता. त्याची एक बाजू खाल्लेली होती, आणि ती कड गोल होती.

"ती सावली कोणाची ठाऊक आहे?" बाई हळूच म्हणाल्या. "आपली. आपल्या पृथ्वीची. दरवेळी गोलच पडते. पृथ्वी चेंडूसारखी आहे हे लोकांनी असंच ओळखलं."

सृष्टीने काही न विचारता डावा डोळा तळहाताने झाकला. खालून पौड रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मुलगी मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत होती.

"सरळ बघितलं की मधे जातो," ती म्हणाली. "जरा बाजूला बघितलं की येतो. सावली पण दिसते." मग पुन्हा सरळ बघून, "आई, त्या दिवशी तुझं नाक अजिबात नव्हतं. आता चंद्र पूर्ण नाही जात. पुसट होतो फक्त."

सोनालीने तिला जवळ ओढलं आणि तिथेच दगडावर बसून रडायला लागली. शालनबाई थोड्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. सावली चंद्रावरून सरकून जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

पुढच्या तपासण्यांना सोनाली त्यांना बरोबर नेऊ लागली. मार्चमध्ये सृष्टीने उजव्या डोळ्याने तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. नेत्रपटलावरची खाच जवळजवळ भरली होती. एक बारीक ठिपका राहिला, तो पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की जाणवतो, आणि तो बहुधा राहणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं. सृष्टी म्हणाली, "चालेल." सोनालीला ते चालवून घ्यायला वेळ लागला. शालनबाईंना अजून चाललेलं नाही.

गच्चीचं कुलूप अजून तसंच आहे. शालनबाईंनी दुर्बिणीच्या मागे आता लाकडी पेटी ठोकून बसवली आहे. सूर्य तिच्या आतल्या कागदावर पडतो आणि बाजूच्या झडपेतून बघता येतो; भिंगापर्यंत कोणाचा डोळा पोचूच शकत नाही. ती दुर्बीण त्यांनी शाळेला देऊन टाकली. जूनमध्ये नवी सहावी आली तेव्हा त्या पुन्हा मंडईत गेल्या. भोपळा पिशवीत मावेना, म्हणून खांद्यावर घेऊन बसमध्ये चढल्या, आणि कंडक्टरने विचारलं, "बाई, घरी कार्य आहे का?"

"सूर्य आहे," त्या म्हणाल्या. "हाफ तिकीट लागतं का?"